मी तर सहजच लिहिलं होतं

पत्र थोडक्यात असं:

पत्रलेखिका ४३ वर्षांच्या आहेत. वसतिगृहात एकत्र राहिलेल्या १४ मैत्रिणींचा त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे रोज काही ना काही विषय निघतो. एआयमुळे नोकऱ्या जाणार का, इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की थांबावं, मोबाइलच्या टॉवरने खरंच काही होतं का, पोरं वाचत का नाहीत. मतं पडतात, थट्टामस्करी होते, विषय मागे पडतो. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना त्यांना समोर एक आई फोनमध्ये डोकं घालून बसलेली दिसली, आणि शेजारी तिचा मुलगा टॅबमध्ये. बसल्या बसल्या त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "हल्लीच्या आयांना मूल सांभाळायचंच नसतं. हातात टॅब दिला की सुटल्या." बघता बघता ११ अंगठे आले. एका मैत्रिणीच्या नावापुढे 'टायपिंग' असं बराच वेळ दिसत राहिलं, मग ते थांबलं, आणि काही मिनिटांनी तिने ग्रुप सोडला. रात्री दुसऱ्या एकीचा फोन आला. त्या मैत्रिणीचा ९ वर्षांचा मुलगा बोलू शकत नाही. तो टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवतो आणि टॅब त्याच्या वतीने शब्द उच्चारतो. फोन करणारी सोडली, तर ग्रुपमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं.

पत्रलेखिका विचारतात: मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, मला ठाऊकही नव्हतं, आणि मुलांच्या हातात सतत स्क्रीन नको हे माझं मत आजही तेच आहे. मग मी माफी कशाची मागू? नवरा म्हणतो, ग्रुप म्हणजे टाइमपास, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. मी मात्र तेव्हापासून तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर बोलूच नये, असं आता वाटू लागलंय. हे बरोबर आहे का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात 'सहज' हा शब्द सात वेळा आला आहे. सहज लिहिलं, सहज मनात आलं, सहज बोलून गेले. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. ती मैत्रीण तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढेही नव्हती. पण या एका शब्दाच्या आधाराने तुम्ही स्वतःला दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगताय. सहज होतं, म्हणून त्याचं उत्तर देणं माझ्याकडे लागत नाही. आणि सहज बोललेलं इतकं महागात पडत असेल, तर यापुढे तोंडच उघडायचं नाही. मला दोन्ही पटत नाहीत. म्हणून आधी ते वाक्यच हातात घेऊन नीट बघू या.

दवाखान्यात तुम्हाला काय दिसलं? एक बाई, एक मुलगा, एक टॅब, आणि तुम्हीच लिहिल्याप्रमाणे साधारण दहा मिनिटं. ग्रुपवर काय गेलं? 'हल्लीच्या', म्हणजे एका बाईची पिढी झाली. 'आयांना', म्हणजे मुलाला बापही असतो हे वाक्य सुरू होण्याआधीच गळून गेलं. 'सांभाळायचंच नसतं', म्हणजे तिच्या मनातला हेतू कळला, जो बाकावरून दिसणं शक्य नव्हतं. 'सुटल्या', म्हणजे ती आता मजेत आहे असंही ठरलं. त्या दहा मिनिटांत ती जुना रिपोर्ट शोधत असेल, रजेचा मेसेज टाकत असेल, किंवा खरंच कंटाळून काहीबाही बघत असेल. दवाखान्यात आलेली बाई होती ती. मुलाला ताप होता की तिला, हेही आपल्याला माहीत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करायची आपल्याला सवय आहे, आणि भाताच्या बाबतीत ती बरोबरच आहे. एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असतो तो, त्यामुळे एक शीत दाबलं की बाकीचं कळतं. माणसं एका पातेल्यात शिजत नाहीत. तुमच्या १४ जणींच्या ग्रुपमध्येच टॅब हा शब्द दोन घरांत दोन अगदी वेगळ्या वस्तूंचं नाव होता. एकीकडे खेळणं, दुसरीकडे जीभ.

त्यातही मला 'हल्ली' या शब्दाची जास्त काळजी वाटते, कारण तो फार गोड आणि सोयीचा आहे. 'हल्ली' म्हटलं की आधी काय होतं ते सांगावं लागत नाही. ऐकणारीला ते आपोआप चांगलं वाटतं. आपल्या लहानपणी आया कामात बुडालेल्या असायच्या आणि आपण तासन् तास कुठे असायचो हे त्यांना ठाऊकही नसायचं. तेव्हा त्याला कुणी 'सुटल्या' म्हटलं नाही. पोरं बाहेर खेळतायत, एवढंच म्हटलं. पुढच्या वेळी ग्रुपवर 'हल्ली' लिहायला बोट जाईल, तेव्हा क्षणभर थांबून 'हल्ली'च्या जागी 'आज मी पाहिलं' असं घालून बघा. "आज मी पाहिलं, एक आई आणि मुलगा शेजारी बसून दोघंही आपापल्या स्क्रीनमध्ये होते, आणि मला कसंतरी झालं." हेही मतच आहे. खरं सांगायचं तर जास्त चांगलं मत आहे, कारण त्यात तुम्ही आहात. यावर तुमची मैत्रीण कदाचित काही बोललीही असती.

आता तुमचा मुख्य मुद्दा. मत तर चुकीचं नव्हतं ना? तुमच्या काळजीला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ५ वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत २ वर्षांखालच्या मुलांना स्क्रीनपुढे बसवूच नका, आणि २ ते ४ या वयात दिवसाला १ तासाच्या वर नको, कमी असेल तर उत्तम, असं म्हटलं आहे. पण ते सांगणं एका जागी बसून बघत राहण्याबद्दल आहे आणि अगदी लहान मुलांबद्दल आहे. शिवाय ज्यांचा हा रोजचा अभ्यास आहे तेही आपलं म्हणणं बदलत आले आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ साली २ वर्षांखालच्या मुलांना टीव्ही नको असं सरसकट सांगितलं होतं. २०१६ साली तिने १८ महिन्यांखालच्या बाळांच्या बाबतीत व्हिडिओ कॉलला त्यातून वगळलं, कारण तिकडच्या बाजूला एक जिवंत माणूस बोलत असतं. म्हणजे तज्ज्ञांनी 'स्क्रीन' या शब्दाचे तुकडे करून बघितले. आपणही तेच करायचं असतं. त्यासाठी पदवी लागत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या मुलाच्या टॅबबद्दल इथे थोडं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी आणखी कुणाच्या ओळखीत असं मूल असेल. "टॅबची सवय लागली तर तो कधी बोलायचाच नाही" हे वाक्य अशा आईबापांना हमखास ऐकवलं जातं, बहुतेक वेळा प्रेमानेच. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांचे पुरावे भक्कम होते अशा उदाहरणांत, चित्रांच्या किंवा यंत्राच्या मदतीने बोलू लागल्यामुळे कुणाचंही तोंडी बोलणं कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ साली श्वासनलिकेवरच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. त्यानंतरची तीन दशकं ते संगणकातून बोलले. त्यांच्या पुढ्यातल्या पडद्याला कुणी स्क्रीनटाइम म्हटलं नाही.

"मी नाव घेतलं नव्हतं." हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय, त्यामुळे ते तुम्हालाच पुरेसं वाटत नसावं असा माझा अंदाज आहे. चारचौघांत अनेकवचनी बोललं की ते कुणालाच लागत नाही असं आपण धरून चालतो. होतं उलटंच. ज्यांच्या घरात तो विषय नाही त्यांच्या डोक्यावरून जातं आणि ज्यांच्या घरात आहे त्यांना नेमकं जाऊन लागतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते याच अर्थाने. आणि तिला फक्त तुमचं वाक्य दिसलं नाही, हे विसरू नका. तिला ११ अंगठे दिसले. एकेक अंगठा द्यायला अर्धा सेकंद लागला असेल, कुणी बसस्टॉपवरून दिला असेल, कुणी नीट न वाचता. पण तिच्या बाजूने बघा. ज्यांच्याबरोबर एका खोलीत परीक्षेच्या रात्री काढल्या, त्या १२ जणी तिच्या पुढ्यात ओळीने उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हो, तुला मूल सांभाळायचं नसतं. ते 'टायपिंग' बराच वेळ चाललं होतं ना, त्यात ती काय काय लिहून पुसत असेल याचा विचार माझ्याही मनातून जात नाही.

लिहिलेल्या शब्दाची आणखी एक अडचण आहे. तुम्ही म्हणता, माझा सूर थट्टेचा होता. सूर तुमच्या डोक्यात होता, तो तारेतून गेला नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ईमेलने काही वाक्यं पाठवायला सांगितली, काही गंभीर, काही उपरोधाने लिहिलेली. वाचणाऱ्याला त्यातला फरक सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळाच कळला, म्हणजे नाणं उडवून ठरवल्यापेक्षा जेमतेम बरा. ही तक्रार जुनीच आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या गप्पांत कुणीतरी लिफ्टबद्दल केलेला विनोद काही जणांना खरा इशारा वाटला. त्यानंतर १९ सप्टेंबरला स्कॉट फाहलमन या प्राध्यापकांनी सुचवलं की विनोदाच्या पुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी आडवी पडलेली हसरी खूण घालत जाऊ या. तिथून हसरे चेहरे आले. पण तुमच्या त्या वाक्यापुढे हसरा चेहरा असता तरी तिला बरं वाटलं असतं असं मला वाटत नाही. उलट जास्तच लागलं असतं.

तुमच्या नवऱ्याचं 'टाइमपास' म्हणणं तुमची काळजी कमी करण्यासाठी आहे, हे मला दिसतं. पण ज्या ठिकाणी १४ जणी इतकी वर्षं एकमेकींची आजारपणं, बाळंतपणं, नोकऱ्या सांगत आल्या, ते ठिकाण टाइमपास कसं असेल? आपण सहज बोललेलं ऐकणारी माणसं सहज ऐकत नाहीत. हे मी माझ्याच चुकीतून शिकले, म्हणून ती इथे सांगते.

फोनची बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत होते. कुणी सांगितलं होतं आठवत नाही, पण अगदी ठामपणे सांगायचे. माझ्या आत्याने ते मनावर घेतलं. ती तेव्हा ७६ वर्षांची होती. फोन हातात धरून ती आकडा उतरण्याची वाट बघत बसायची. नऊ टक्के, सहा टक्के, तीन. एका संध्याकाळी तिच्या नातवाला यायला उशीर झाला, तो वाटेतून तिला फोन लावत राहिला आणि इकडे फोन विझलेला. दोघांचा जीव टांगणीला लागला. मी गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू सांगितलं होतंस ना." तेव्हा मी पहिल्यांदा हे नीट शोधून वाचलं. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना तो नियम होता. त्या अर्ध्यावरच पुन्हा पुन्हा चार्ज केल्या तर त्यांची ताकद कमी व्हायची. आपल्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटऱ्या १९९१ साली बाजारात आल्या, आणि त्यांना उलट पूर्ण रिकामं होणं मानवत नाही. उष्णता तर त्याहून नाही. म्हणजे मी खोटं सांगत नव्हते. एका वेगळ्या वस्तूबद्दलचं, मुदत संपलेलं खरं सांगत होते. पण आत्याने ते ऐकलं ते मला बॅटरीतलं कळतं म्हणून नव्हे. मी तिची भाची, म्हणून ऐकलं. तंत्रज्ञानाबद्दलची आपली बहुतेक मतं अशीच पसरतात. कुणीतरी प्रेमाच्या माणसाने सांगितलेलं असतं.

मग तज्ज्ञ नसेल त्याने गप्प बसावं का? मुळीच नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. नवी वस्तू घरात आली की ती घरात काय करते, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. टेलिफोनचं पेटंट ग्रॅहम बेल यांना १८७६ साली मिळालं. त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांना वाटत होतं की फोन व्यवहारासाठी आहे, डॉक्टरला बोलावण्यासाठी आहे. बायका त्यावर गप्पा मारतात हा त्यांना तारांचा गैरवापर वाटायचा. साधारण १९२०च्या दशकाच्या शेवटापर्यंत त्यांचं मत बदललं नाही. शेवटी फोन कशासाठी असतो हे गप्पा मारणाऱ्यांनीच ठरवलं. आज एआयशी बोलताना मूल काय शिकतं, म्हाताऱ्या माणसाला नवीन ॲप का जमत नाही, सतत वाजणाऱ्या फोनने घरातलं बोलणं कसं तुटतं, हे सगळ्यात आधी कळतं ते तुमच्यासारख्यांना, कारण तुम्ही तिथे असता. तुम्ही सगळ्या गप्प झालात तर या विषयांवर बोलायला फक्त विकणारे आणि घाबरवणारे उरतील.

म्हणून बोला, पण बोलताना हे कुठून आलं ते बरोबर ठेवा. 'मी वापरून पाहिलंय', 'माझ्या भावाने सांगितलं', 'कुठेतरी वाचलं, खात्री नाही', 'मला नुसतंच असं वाटतं'. एवढी दोन-तीन अक्षरं जास्त लिहिली की ऐकणारीला आपल्या मतावर किती भार टाकायचा ते कळतं. माझ्या आत्याला मी 'ऐकलंय बाई असं, खरं-खोटं माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तर ती तीन टक्क्यांपर्यंत थांबली नसती.

दुसरं, ग्रुपवर जेव्हा खरोखर माहितीचा वाद होतो, तेव्हा 'म्हणजे नेमकं कसं?' हा प्रश्न आधी स्वतःला विचारून बघा. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ साली एक अभ्यास मांडला. त्यांनी लोकांना विचारलं, कपड्याची चेन कशी बंद होते, संडासातलं फ्लश कसं चालतं, कुलूप कसं उघडतं, हे तुम्हाला कितपत कळतं? बहुतेकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग पायरी पायरीने लिहून दाखवा म्हटल्यावर त्याच लोकांनी आपले गुण स्वतःच कमी केले. चेनची ही गत, तर एआयची आणि लहरींची काय सांगावी. मोबाइलच्या टॉवरवरून तुमच्या ग्रुपमध्ये दोन जणी तीन दिवस बोलत नव्हत्या असं तुम्ही लिहिलंय. एक म्हणत होती, जागतिक आरोग्य संघटनेनेच कॅन्सर होतो म्हटलंय. दुसरी म्हणत होती, काही सिद्ध झालेलं नाही. या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना '२ ब' या गटात टाकलं, त्याचा अर्थ 'कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे', पुरावा मर्यादित आहे. दोघींच्या हातात एकाच कागदाचा अर्धा अर्धा तुकडा होता. 'म्हणजे नेमकं काय म्हटलंय गं?' असं एकीने विचारलं असतं, तर तीन दिवस वाचले असते. त्यातला 'गं' मात्र ठेवायचा. तो काढला की तोच प्रश्न उलटतपासणी होतो.

माणसांच्या वागण्याबद्दलचा विषय असेल, मुलं वाढवणं, म्हाताऱ्यांकडे बघणं, कोण किती कामं करतं, कोण लग्न करत नाही, तर मी माहितीपेक्षा एका वेगळ्या गोष्टीला आधी जागा देईन. मत टाकण्याआधी ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं मनातल्या मनात एकदा वाचा. १४च तर आहेत. एखाद्या नावापाशी थबकायला झालं, या बाईच्या घरात काय चाललंय मला गेल्या वर्षभरात ठाऊकच नाही असं वाटलं, तर मत राहू द्या आणि तिला फोन करा. तुमच्या मैत्रिणीने मुलाबद्दल ग्रुपवर कधी सांगितलं नव्हतं. त्या ग्रुपवर ते सांगावंसं का वाटलं नसेल, हा प्रश्न तुम्हा सगळ्यांनाच आहे, एकट्या तुम्हाला नाही.

आता माफीचं. 'कशाची मागू' हा तुमचा प्रश्न योग्य आहे, कारण कशाची ते कळल्याशिवाय मागितलेली माफी पोकळ वाटते. स्क्रीनबद्दलच्या काळजीची माफी नको. जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं लिहिलं, आणि ते आयांवर टाकलं, याची मागा. ग्रुपवर नको, फक्त तिला. तो मेसेज बदलायची वेळ केव्हाच गेली आहे, त्यासाठी १५ मिनिटंच मिळतात. सगळ्यांच्या फोनमधून तो काढून टाकायची मुदतही उलटली आहे, आणि उलटली नसती तरी गुपचूप काढून टाकणं मला बरं वाटलं नसतं. फोन करावा की लिहावं? इतर वेळी मी फोन म्हटलं असतं. पण फोन वाजला की तिला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागेल, बहुधा 'अगं जाऊ दे' असंच. तिला ते म्हणायची सक्ती नको. आपल्या आवाजात एक छोटा व्हॉइस मेसेज ठेवा, सूरही जाईल आणि तिला वेळही मिळेल. काहीसं असं:

"त्या दिवशी मी आयांबद्दल जे लिहिलं ते न बघता, न समजता लिहिलं. ते चुकलं. तुला लागलं असणार, आणि त्यात बाकीच्यांचे अंगठे पडले तेही माझ्या वाक्यावरच. मला वाईट वाटतंय. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तुझी आठवण येते."

यात 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं घालू नका. त्या 'तर'मुळे सगळा भार पुन्हा तिच्यावर जातो. 'मला माहीत असतं तर लिहिलं नसतं' हेही नको. कारण मग ते वाक्य दुसऱ्या कुणाही आईबद्दल चाललं असतं असा त्याचा अर्थ होतो. आणि मुलाचा उल्लेख करू नका. ते तुम्हाला तिसरीकडून कळलंय, तिने सांगितलेलं नाही. तिने स्वतः विषय काढला तर ऐका. नाही काढला, तर काय झालंय, केव्हा कळलं, कुठे दाखवता, असले प्रश्न तिच्या दारात नेऊ नका.

ग्रुपवर मात्र तुम्ही पुन्हा लिहायला हवं, आणि पहिलं वाक्य याच विषयावर हवं. तिचं नाव न घेता, कारण न सांगता. "मागे मी आया आणि टॅबबद्दल जे लिहिलं ते मला आज पटत नाही. एका बाईला दहा मिनिटं बघून मी सगळ्यांबद्दल बोलले." बस, इतकंच. कुणी विचारेल, का गं, काय झालं? सांगायचं, काही नाही, विचार केला. ११ अंगठ्यांपैकी दोन-तीन जणी तरी तुम्हाला वेगळा मेसेज करतील असं मला वाटतं. ती ग्रुपमध्ये नाही हे त्यांच्याही लक्षात आलं असेल.

ती लगेच उत्तर देणार नाही असं धरून चाला. महिनाभर निळ्या खुणांखेरीज काही येणार नाही कदाचित. त्या खुणा मोजत बसू नका, आणि 'ऐकलंस का?' असं विचारू नका. तिच्या वाढदिवसाला जसा मेसेज करत होता तसाच करा.

आणि कधी तिने घरी बोलावलंच, तर एवढं लक्षात ठेवा. तो मुलगा तुमच्याशी बोलेल तेव्हा त्याच्याकडे बघा, टॅबकडे नको, आणि "काय म्हणतोय गं तो?" असं त्याच्या आईला विचारू नका. त्याला चित्र सापडायला वेळ लागेल. एक पान उघडेल, ते नको असेल, मागे जाईल, दुसरं उघडेल. तुम्हाला शब्द आधीच कळला तरी तो आपण म्हणून टाकू नका. त्याचं बोट पोचेपर्यंत थांबा.